व्रण, विहीर आणि विवाह

‘प्रेमकथा’ हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर अजूनही एक बारीकशी आठी उमटते. मुलगी परीक्षेच्या दिवसांत कादंबरी वाचताना सापडली, तर ती कोणती हे विचारण्याआधीच कपाटात बंद होते. या आठीमागील काळजी आम्ही समजू शकतो. परंतु ही काळजी योग्य जागी आहे काय, असा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. कथेत प्रणयाचे वर्णन कितपत आहे, हे पाहण्यात आपण जेवढी दक्षता बाळगतो, तेवढी ती कथा दुःखाविषयी खरे बोलते की खोटे, हे पाहण्यात बाळगत नाही. आमच्या मते तरुण मनाचे अधिक नुकसान होते ते या दुसऱ्या ठिकाणी.

असे म्हणण्यास कारण आहे. इंग्रजीतून येणाऱ्या प्रेमकथांमध्ये अलीकडे एक प्रकार विशेष लोकप्रिय झाला आहे. एक तरुण आणि एक तरुणी एकाच आपत्तीतून वाचलेली असतात. युद्ध असेल, अपघात असेल, दोघांच्याही जिवलगाचा मृत्यू असेल. इतरांना ते दुःख सांगता येत नाही. एकमेकांना ते सांगावे लागत नाही. दोघांची मैत्री होते, मैत्रीचे रूपांतर हळूहळू प्रीतीत होते आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत दोघांच्याही जखमा भरून आलेल्या असतात.

हा साचा मुळात वाईट नाही. एकाच वादळातून परतलेल्या माणसांत एक नाते जुळते, हे सत्यच आहे. मात्र यांतील पुष्कळ कथा फार घाई करतात. रात्री दचकून उठणारी नायिका मित्राच्या मिठीत शांत झोपी जाते आणि लेखक उपचार पूर्ण झाल्याचे जाहीर करतो. प्रिय व्यक्ती म्हणजे जणू औषधाची बाटली! परंतु औषधाला गुण आला नाही की आपण त्यावर चिडतो आणि गुण आला की बाटली फेकून देतो. या पायावर विवाह कसा उभा राहावा? दोघांनी एकच दुःख भोगले, म्हणजे त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे, असे म्हणता येईल काय? आणि प्रेम असले, तरी केवळ त्याने जखम बरी होते काय?

हे प्रश्न पारखून घेण्यासाठी आम्ही आजच्या पुस्तकांऐवजी एक जुनी कादंबरी वाचकांपुढे ठेवू इच्छितो. नेव्हिल शूट या ब्रिटिश लेखकाची ‘अ टाऊन लाइक ऍलिस’ ही कादंबरी 1950 साली प्रसिद्ध झाली. शूट हा व्यवसायाने विमानविद्येतील अभियंता. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि 1960 साली निवर्तला. त्याची भाषा साधी, काहीशी हिशेबी आहे. भावनेचे कढ काढणे त्याला जमत नाही. आमच्या मते हाच त्याचा मोठा गुण ठरला आहे.

कथानक थोडक्यात असे. जीन पॅजेट ही इंग्रज तरुणी मलायात टंकलेखिकेचे काम करीत असताना जपानी सैन्य त्या देशात शिरते. पुरुषांना छावण्यांत पाठविले जाते. उरलेल्या बत्तीस इंग्रज स्त्रिया व मुले यांचे काय करावे, हे कोणत्याही अधिकाऱ्यास कळत नाही आणि कोणीही त्यांची जबाबदारी घेत नाही. प्रत्येक ठाण्यावरून त्यांना पुढच्या ठाण्याकडे चालत पाठविले जाते. महिनोन् महिने ही पायपीट चालते. ताप, हगवण आणि थकवा यांनी सुमारे निम्म्या जणी व मुले वाटेतच प्राण सोडतात. एका मृत सहचारिणीचे तान्हे मूल जीन आपल्या कमरेवर घेते. अंगात मलायी सारंग, पायांत काही नाही आणि कडेवर मूल, अशा वेषात ती चालत राहते.

या वाटेवर तिला जो हार्मन भेटतो. हा ऑस्ट्रेलियातील गुरांच्या कुरणांवर काम करणारा गडी. आता युद्धकैदी म्हणून जपान्यांचा मालमोटार चालवीत असतो. तो या स्त्रियांसाठी औषधे आणतो, साबण आणतो, आणि विसाव्याच्या थोड्या क्षणांत जीनला ऍलिस स्प्रिंग्ज या आपल्या आवडत्या गावाच्या गोष्टी सांगतो. शेवटी तो एका जपानी कप्तानाच्या कोंबड्या चोरून त्यांना देतो. चोरी उघडकीस येते. स्त्रियांवर बालंट येऊ नये म्हणून तो गुन्हा आपल्या शिरावर घेतो. तेव्हा त्याचे हात खिळ्यांनी झाडाला ठोकले जातात, त्याला मारहाण केली जाते, आणि ते पाहण्यास त्या स्त्रियांना उभे केले जाते. तो मेला, असे समजून त्या पुढे चालू लागतात. पुढे सहा वर्षे जीन हेच समजून जगते, की आपल्यासाठी एक माणूस मेला.

खिळ्यांनी ठोकलेल्या माणसाचे चित्र आपल्या वाचकांस काय सुचवील, हे सांगण्याची गरज नाही. लेखक या प्रसंगावर धार्मिक भाष्याचे ओझे लादीत नाही. परंतु दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव देणे ही गोष्ट ज्याच्यासाठी ती केली जाते त्याच्या मनावर कोणता भार ठेवते, हा प्रश्न तो सोडत नाही. आणि त्यावरच पुढील सर्व कथा उभी आहे.

येथे एका बारकाव्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. जीनच्या कडेवरील मूल पाहून जो तिला विवाहित समजतो. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात प्रणयाची छटा येत नाही. जेथे काही मिळण्याची आशाच नाही, तेथे तो देत राहतो. पुढे जे प्रेम होणार, त्याचे बीज ते अशक्य वाटत असतानाच पेरले जाते. मैत्रीतून प्रीती उमलण्याच्या कथा शेकड्याने असतील. पण मैत्रीला मैत्री म्हणून जगण्यास इतका अवकाश देणाऱ्या कथा थोड्या. आजच्या अनेक पुस्तकांत मित्र हा पहिल्या पानापासून वेषांतर केलेला प्रियकर असतो. येथे तो खरोखरच मित्र आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कथेचा निवेदक. ही सारी हकीकत आपणांस सांगतो तो नोएल स्ट्रॅखन नावाचा लंडनमधील वृद्ध, विधुर वकील. जीनला 1948 साली एका मामाची मोठी मालमत्ता वारशाने मिळते. तरुण स्त्रीच्या हाती पैसा सोपविणे त्या मामास मान्य नसल्याने ती मालमत्ता विश्वस्त या नात्याने स्ट्रॅखनच्या देखरेखीखाली असते. या पैशाचे काय करणार, असे तो तिला विचारतो, आणि तेव्हा तिच्या तोंडून मलायाची कथा बाहेर पडते. ज्याने ते दुःख भोगलेले नाही, ज्याला तिच्याकडून काही हवे नाही, असा एक म्हातारा माणूस ती कथा शांतपणे ऐकतो. आमच्या मते जीनच्या बरे होण्याचा प्रारंभ जोच्या भेटीने होत नाही. तो या ऐकण्याने होतो. दुःखाचा सोबती आणि दुःखाचा श्रोता या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि माणसाला दोघांचीही गरज असते, हे सत्य कादंबरीच्या रचनेतच गोवलेले आहे.

तिसरी गोष्ट विहिरीची. स्ट्रॅखनच्या प्रश्नास जीनने दिलेले उत्तर त्याला चकित करते: तिला मलायात परत जाऊन एक विहीर बांधावयाची आहे. स्त्रियांच्या तुकडीवर पहारा ठेवणारा जपानी सार्जंट वाटेत तापाने मरण पावल्यावर जीनने एका खेड्याच्या मुखियाला विनविले होते, की आम्हांला येथे राहू द्या, आम्ही तुमच्या भातशेतीत राबू. त्या मुसलमान गावाने या परक्या स्त्रियांना तीन वर्षे थारा दिला. तेथील बायकांना पाण्यासाठी रोज दूर चालावे लागे. आता जीन त्यांच्यासाठी गावातच विहीर बांधते, आणि शेजारी कपडे धुण्याची एक झोपडी, जेथे बायकांना चार शब्द मोकळेपणी बोलता येतील. आपल्या आजी-पणज्यांच्या काळी विहिरीच्या काठावर सुखदुःखाची किती देवाणघेवाण होत असे, हे ज्यांना आठवते, त्यांना या भेटीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि ही विहीर खोदणाऱ्या कामगारांकडूनच जीनला कळते, की जो हार्मन मेलेला नाही. तो कसा वाचला, याची हकीकत विलक्षण आहे. मरणाऱ्याची अखेरची इच्छा पुरविण्याचा रिवाज त्या कप्तानाला मानणे भाग असते. जो एक काळी कोंबडी आणि बिअरची बाटली मागतो. गावात बिअर काही मिळत नाही. इच्छा अपुरी राहते. म्हणून त्याला मरू देता येत नाही. हसावे की रडावे, ते वाचकाला कळू नये, असा हा प्रसंग आहे.

लेखकाने ही बातमी विहिरीच्या काठावर का ठेवली असावी? पत्राने कळविता आली असती, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळविता आली असती. आम्हांस यात योजना दिसते. जीन जोला शोधण्यास निघालेली नसते. ती कृतज्ञतेचे ऋण फेडण्यास निघालेली असते. ज्यांनी तिला वाचविले त्यांच्यासाठी ती काही करते, आणि ते करीत असताना तिचा अपराधभाव हलका करणारी वार्ता तिच्यापर्यंत येते. दुःख कुरवाळत बसणाऱ्याला नव्हे, तर दुःखातून मिळालेले देणे दुसऱ्याच्या दारी नेणाऱ्याला शांती मिळते, असे लेखक न सांगता सांगतो.

यानंतर ती ऑस्ट्रेलियास जाते, आणि त्याच सुमारास जो तिच्या शोधात इंग्लंडला पोहोचलेला असतो. ती अविवाहित असल्याचे त्याला युद्धानंतर योगायोगाने कळलेले असते. ही चुकामूक विनोदी आहे. पण तिच्यात एक न्यायही आहे. दोघांपैकी कोणी एकच धावून आलेला नाही. दोघेही निघालेले आहेत.

त्यांची भेट झाल्यावर जे घडते, तो आमच्या मते या कादंबरीचा कळस आहे. दोघे समुद्रातील एका छोट्या बेटावर काही दिवस राहतात आणि त्यांना एकमेकांशी बोलताच येत नाही. सुंदर कपड्यांतील ही इंग्रज तरुणी जोला परकी वाटते. शेवटी जीन तो जुना विटका सारंग अंगाभोवती गुंडाळून, अनवाणी त्याच्यापुढे येते. त्याक्षणी संकोच गळून पडतो. साधारण लेखकाने येथेच पडदा पाडला असता. परंतु शूटची नायिका त्याच क्षणी थोडे थांबण्याची विनंती करते. त्याच्या वैराण गावी, विल्सटाऊनला, आपल्याला राहता येईल काय, याची ती आधी खात्री करून घेऊ इच्छिते.

या थांबण्याचा अर्थ काय? जोने सहा वर्षे जिच्यावर प्रेम केले ती सारंगातील, मूल कडेवर घेतलेली स्त्री होती. ती दुःखाच्या वाटेवरील स्त्री होती. परंतु संसार करावयाचा तो त्या आठवणीशी नव्हे. हिशेब ठेवणारी, बेत आखणारी, मतभेद दर्शविणारी जीन त्याला अजून ठाऊकच नाही. आणि तिलाही, स्वतःच्या गावातला, रोजच्या कामातला जो ठाऊक नाही. सामायिक दुःखाने त्यांची ओळख करून दिली. पण एकमेकांची खरी पारख त्यांना शांततेच्या दिवसांत करून घ्यावी लागणार आहे. आमच्या प्रारंभीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळते. एकच दुःख भोगणे हे प्रेम नव्हे. ते प्रेमाचे आमंत्रण असू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विल्सटाऊनच्या प्रकरणांत आहे. या गावात तरुण मुलींना काम नाही, म्हणून त्या शहरांकडे जातात. मुली नाहीत म्हणून तरुण टिकत नाहीत. जीन तेथे मगरीच्या कातड्याच्या पादत्राणांचा छोटा कारखाना काढते, मग आइस्क्रीमचे दुकान, मग पोहण्याचा तलाव. उजाड गाव हळूहळू ऍलिस स्प्रिंग्जसारखे नांदते होऊ लागते. कादंबरीच्या नावाचा अर्थ हाच. काही समीक्षकांस हा उत्तरार्ध कंटाळवाणा, जमाखर्चाच्या वहीसारखा वाटतो. 1956 साली निघालेल्या चित्रपटाने तर मुख्यतः मलायाचीच कथा घेतली आणि दोघांच्या पुनर्भेटीवर शेवट केला. म्हणजे जखम दाखविली, मिलन दाखविले आणि बरे होणे वगळले! ते 1981 सालच्या दूरचित्रवाणी मालिकेत सविस्तर आले. आमच्या मते या जमाखर्चातच कादंबरीचा आत्मा आहे. दोघांनी मिळून मरण पाहिले होते. आता दोघे मिळून जगण्याची सोय उभी करतात. एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बसून नव्हे, तर एकाच कामाकडे पाहून ते बरे होतात.

या कादंबरीचे दोष झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. पहिला दोष गंभीर आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांविषयी पात्रांच्या तोंडी तुच्छतादर्शक शब्द सहज येतात. जो प्रेमाने जीनला ज्या टोपणनावाने हाक मारतो, तेही अशाच एका शब्दावरून पडलेले आहे. जीनच्या आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी या मूळ रहिवाशांसाठी वेगळे दुकान काढले जाते, आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही. मलायी बायकांसोबत तीन वर्षे चिखलात राबलेली, त्यांच्यासाठी विहीर बांधणारी स्त्री आपल्याच गावात अशी भिंत उभारते! तो काळच तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. जिचे दुःख भरून आले आहे, तिला दुसऱ्याचे दुःख दिसू नये, हा या कथेतील न भरलेला व्रण आहे. पाणवठ्यावरील विटाळाचा इतिहास ज्या देशात घडला, तेथील वाचकांनी तर हे पान थांबूनच वाचावे.

दुसरा दोष असा, की जोच्या अंतरंगात लेखक फारसा शिरत नाही. खिळे ठोकलेल्या माणसाला रात्री झोप लागत होती काय? राग कोठे गेला? त्याच्या हातांवरचे व्रण आपणांस दिसतात. मनातले फारसे दिसत नाहीत. शिवाय जीनच्या हाती वारशाचा पैसा आहे. ज्यांच्या हाती तो नाही त्यांनी बरे कसे व्हावे, याचे उत्तर ही कथा देत नाही. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे: शत्रूच्या बाजूचा तो सार्जंट येथे राक्षस नाही. तो थकलेली मुले उचलून चालतो, आणि तो गेल्यावर स्त्रिया त्याच्यासाठी हळहळतात.

ही कथा सर्वस्वी कल्पित नाही, हेही वाचकांस सांगावयास हवे. 1949 साली सुमात्रा बेटावर शूट एका डच दांपत्याचा पाहुणा होता. त्यांतील पत्नीने युद्धकाळात असेच हाल सोसले होते. तिची हकीकत त्याने मलायात नेऊन ठेवली. पुढे असे दिसून आले, की त्याच्या समजुतीत थोडी चूक होती: त्या डच स्त्रियांना बहुतेक प्रवास वाहनांतून घडला होता. जो हार्मनच्या मागे ‘रिंगर’ एडवर्ड्स हा खराखुरा ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होता, ज्याने तशीच शिक्षा भोगून जीव वाचविला. या दोन अनोळखी माणसांना लेखकाने कल्पनेने एकत्र आणले. खऱ्या जगात ज्यांची कधी भेट झाली नाही, त्यांच्या दुःखांना त्याने एकमेकांची सोबत दिली. कादंबरीचे हे एक पुण्यकर्मच म्हणावे लागेल.

आता आपल्या घरांकडे वळतो. समुद्रावर गेलेली होडी परतली नाही, रस्त्यावरच्या अपघातात एकाच वेळी दोघे गेले, दीर्घ आजाराने घर पोखरले, अशी कुटुंबे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. मागे राहिलेल्या दोघांत जवळीक निर्माण झाली, की आपण दोनच गोष्टी करतो: कुजबुजतो, किंवा ‘एकमेकांना आधार होईल’ असे म्हणून लग्नाची घाई करतो. आमच्या पाहण्यात अशी लग्ने आहेत. काही सुखाची झाली. काहींत दोघेही वर्षानुवर्षे एकाच छायाचित्राकडे पाहत बसले आणि एकमेकांकडे पाहावयाचे राहून गेले. या कादंबरीतील जीन अशा घरांना सांगते: आधी कोणाजवळ तरी मोकळे बोला, जे ऋण आहे ते फेडा, मग थोडे थांबा आणि समोरच्या माणसाला नव्याने ओळखा.

तोबितच्या पुस्तकातील सारा आपल्या वाचकांस आठवत असेल. सात वेळा बोहल्यावर चढून सातही वेळा जिच्या पदरी मृत्यूच आला, ती सारा आठव्या वेळी तोबियासोबत उभी राहते, तेव्हा दोघे प्रथम काय करतात? एकमेकांना जवळ घेण्यापूर्वी ती प्रार्थनेस उभी राहतात. तेही एक थांबणेच आहे.

कादंबरीच्या शेवटी वृद्ध स्ट्रॅखन ऑस्ट्रेलियास जाऊन जीनचा संसार पाहून येतो. जीनने मुलाला त्याचेच नाव दिलेले असते. लंडनच्या हिवाळ्यात एकटा बसून तो स्वतःशी कबूल करतो, की हिच्यावर आपलेही प्रेम होते. भेट मात्र चाळीस वर्षे उशिरा झाली. त्याने ते कधी बोलून दाखविले नाही; त्याने केवळ ऐकले, आणि ती कथा लिहून ठेवली.

जोच्या हातांवरचे व्रण शेवटपर्यंत जात नाहीत, आणि लेखक ते पुसण्याचा प्रयत्नही करीत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही ते तसेच होते, म्हणून तर थोमाला तो ओळखता आला. ज्या प्रेमकथेत शेवटच्या पानावर व्रण नाहीसे झालेले असतील, ती खुशाल कपाटात ठेवावी. परंतु जिच्यात व्रण असलेल्या हातांनी कोणी दुसऱ्यासाठी विहीर बांधीत असेल, कारखाना उभारीत असेल, मूल उचलून घेत असेल, ती कादंबरी आपल्या मुलीच्या हातून काढून घेऊ नये. उलट, तिची वाचून झाल्यावर आपण मागून घ्यावी.